गोळी बंद करण्याआधी एकदा विचारा

मागच्या अंकात नैराश्याच्या गोळ्यांवर थोडंसं लिहिलं होतं आणि त्यानंतर प्रश्नांचा नुसता ढीग आलाय, नाशिक शहरातून, सिन्नर-निफाडकडून, दोन-चार तर पार मालेगावहून. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पुन्हा पुन्हा येणारे सहा प्रश्न घेतलेत, नावं अर्थातच काढून टाकलीत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली, त्रास व्हायला लागला की माणसं डॉक्टरांना सोडून बाकी सगळ्यांना विचारतात, शेजारणीला, मेडिकलवाल्याला, यूट्यूबला, आणि मग गुपचूप गोळी बंद करून टाकतात. डॉक्टर चिडतील म्हणून सांगितलं नाही असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. वाचून खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक साईड इफेक्टवर काही ना काही करता येतं, डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, गोळीच बदलता येते, पण ते आम्हाला कळलं तर ना.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी 34 वर्षांची, इंदिरानगरला राहते. धडधड, हातपाय गार पडणं, सारखी काळजी यासाठी एस्सिटालोप्राम 10 एमजी सकाळी आणि क्लोनाझेपाम 0.25 रात्री सुरू झालंय. आज पाचवा दिवस. मळमळतं, पोट बिघडलंय आणि उलट जास्तच घाबरल्यासारखं होतंय. सासूबाई म्हणतात या गोळ्यांची सवय लागते, आत्ताच सोड. काय करू?

ताई, आधी हे सांगते की तुम्हाला होतंय ते खरं आहे आणि ते गोळीमुळेच असण्याची शक्यता जास्त आहे, "मनाचे खेळ" वगैरे कोणी म्हणालं तर ऐकू नका. एस्सिटालोप्राम सिरोटोनिनवर काम करतं आणि शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन मेंदूत नसतंच, आतड्यात असतं, म्हणून पहिला दणका पोटाला बसतो. मळमळ, पातळ शौचाला होणं, डोकं दुखणं हे साधारण पहिला-दुसरा आठवडा राहतं आणि मग बहुतेकांचं आपोआप कमी होतं. गोळी नाश्ता झाल्यावर घ्या, उपाशीपोटी नको. अस्वस्थपणा वाढणंसुद्धा सुरुवातीला होतं, म्हणून घबराटीच्या आजारात आम्ही बऱ्याचदा 5 एमजीपासून सुरू करतो. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि विचारा, काही दिवस अर्धी घेऊ का. ते हो म्हणण्याची शक्यता चांगली आहे.

गोची अशी आहे की त्रास पहिल्या दिवशी येतो आणि फायदा मागून येतो. दोन ते चार आठवड्यांनी थोडं हलकं वाटायला लागतं, पूर्ण फरक कळायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे पाचव्या दिवशी सोडणाऱ्या माणसाला या औषधाचं फक्त वाईटच तेवढं बघायला मिळतं, चांगलं बघायच्या आधीच तो उठून जातो.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एस्सिटालोप्रामची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही, त्या अर्थानं सवय लागत नाही. पण महिनोन् महिने घेतलेली गोळी एका दिवसात बंद केली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट मारल्यासारखे झटके येतात, म्हणून ती हळूहळू कमी करायची असते. सवय लागू शकते ती तुमच्या रात्रीच्या क्लोनाझेपामची. ती सहसा सुरुवातीचे दोन-चार आठवडे तग धरायला दिलेली असते, तर ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. पुढच्या प्रश्नातली अल्प्राझोलाम याच जातीची आहे, तिथे कळेलच का म्हणतेय.

आणि फॉलोअपची वाट बघायची नाही अशा गोष्टी, एका जागी बसवतच नाही इतकी तगमग, मरणाचे विचार, किंवा याच्या अगदी उलट म्हणजे झोप न घेता भलताच उत्साह आणि अखंड बडबड. यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. 25 च्या आतल्या मुलामुलींच्या घरच्यांनी तर सुरुवातीचे आठवडे फारच लक्ष ठेवायचं, त्या वयात ही औषधं सुरू करताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक इशारा छापायला लावलाय, 2004 मध्ये 18 च्या आतल्या मुलांसाठी आणि 2007 पासून 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही. रात्री-अपरात्री कोणीच सापडलं नाही तर सरकारची टेली मानस हेल्पलाईन आहे, 14416, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: माझं वय 67, पंचवटीत राहते. मिस्टर गेल्यानंतर झोप लागेना म्हणून अल्प्राझोलाम 0.5 सुरू झाली ती नऊ वर्षं चालूच आहे. आता नेहमीचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणतो. मी काही नशा करणारी बाई आहे का? रागाने दोन दिवस घेतलीच नाही तर हात थरथरायला लागले.

मावशी, तुमचा राग समजतो, पण तो मुलगा बरोबर वागतोय. अल्प्राझोलाम शेड्यूल एच1 मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, 2014 पासून दुकानदाराला डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. यात तुमच्यावर कुठलाच आरोप नाहीये. पण दोन दिवसांत हात थरथरले याचा अर्थ शरीराला ती गोळी लागायला लागलीय, आणि म्हणूनच ती अशी एकदम बंद करू नका. इतक्या वर्षांनी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. चिठ्ठीसाठी आजच्या आज जवळच्या डॉक्टरांकडे जा, आणि नंतर मानसोपचार तज्ज्ञांकडे जाऊन कमी करायचा प्लॅन करून घ्या. हे काम महिन्यांचं असतं, दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी, बऱ्याचदा जास्त वेळ टिकणाऱ्या दुसऱ्या गोळीवर नेऊन मग तिचा डोस उतरवतात. घाई कोणी करणार नाही.

कमी का करायची, तर या वयात ही गोळी पाय लटपटवते आणि विसरभोळेपणा वाढवते. रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेल्या कितीतरी आज्या बघितल्यात आणि विचारलं की उशाशी झोपेच्या गोळीची स्ट्रिप असतेच. आणि मावशी, मिस्टर गेल्यानंतर झोप गेली असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, त्या दुःखाबद्दल या नऊ वर्षांत कोणी तुमच्याशी नीट बोललंय का? तज्ज्ञांकडे गेलात की हेही सांगा, कदाचित उपचार तिथूनच सुरू होईल.

प्रश्न: वडील 58 वर्षांचे, आम्ही सिन्नर तालुक्यातले. बायपोलरसाठी सतरा वर्षं लिथियम घेतात, रोज 900, एकदम व्यवस्थित आहेत. यंदा निवृत्तीनाथ महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जायचं म्हणतात. मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन सुरू केलीय, गुडघे दुखले की मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतात, एकादशीला कडक उपवास असतो. जाऊ द्यावं का?

दादा, तुम्ही एका प्रश्नात लिथियमचा अख्खा धडाच विचारलात, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

लिथियम हे खूप जुनं आणि मला मनापासून आदर वाटतो असं औषध आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी ते उन्मादाच्या पेशंटना देऊन बघितलं, आणि इतकी नवीन औषधं आली तरी बायपोलरमध्ये, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य येणाऱ्या आजारात, त्याची जागा कोणी घेऊ शकलेलं नाही, आत्महत्येचा धोका कमी करण्यात तर नाहीच नाही. सतरा वर्षं बाबा व्यवस्थित आहेत यात त्यांच्या शिस्तीचा मोठा वाटा आहे, हे त्यांना माझ्याकडून सांगा. पण त्याची एक अट आहे, रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 च्या मध्ये राहायला पाहिजे आणि 1.5 च्या वर गेलं की विषबाधेचा धोका, उतारवयात तर त्याच्या आतच त्रास दिसू शकतो. फायद्याचा डोस आणि घातक डोस यांच्यात एवढंच अंतर आहे.

हे प्रमाण वाढतं कशानं ते बघा. किडनीला लिथियम आणि मिठातलं सोडियम यांच्यात फारसा फरक करता येत नाही. घामानं, जुलाबानं किंवा उपवासानं शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवते, म्हणजे गोळी तेवढीच पण रक्तात लिथियम जास्त. आता तुमचं पत्र परत वाचा, ज्येष्ठातल्या उन्हात दिवसभर चालणं, घाम, एकादशी, त्यात टेल्मिसार्टन, तीही लिथियम वाढवते. दुखण्याच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणि त्या जातीच्या सगळ्या, त्याही वाढवतात. एकेक गोष्ट सुटी असती तर निभावलं असतं, इथे सगळ्या एकाच वेळी येतायत. बीपीच्या डॉक्टरांना लिथियमबद्दल सांगितलं होतं का? बहुतेक नसेल, "डोक्याची गोळी" कशाला सांगायची म्हणून लोक तेवढंच नेमकं गाळतात.

तरी मी जाऊ नका म्हणणार नाही. वारी ही बाबांसाठी काय आहे ते तुम्हालाही माहितीय आणि मलाही. पण निघायच्या महिनाभर आधी मानसोपचार तज्ज्ञांकडे जा, बीपीच्या गोळीचं दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा, आणि लिथियम लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड, कॅल्शियम तपासून घ्या, तसंही हे दर सहा महिन्यांनी व्हायलाच हवं. लेव्हलचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं, म्हणजे रात्री गोळी घेतली तर सकाळी, आणि सकाळची गोळी रक्त देऊन झाल्यावर, हे लॅबवाला सांगेलच असं नाही. टेल्मिसार्टन सुरू झालीय म्हणून मी तर म्हणेन लेव्हल याच आठवड्यात करा, वारीची वाट नका बघू.

वाटेत पाणी भरपूर, जेवणातलं मीठ रोजच्यासारखं, ना कमी ना जास्त, पिशवीत ओआरएसची पाकिटं. गुडघ्यासाठी फक्त पॅरासिटामॉल किंवा वरून लावायला काय चालेल ते आधीच विचारून ठेवा. एकादशीला निर्जळी अजिबात नको, पाणी, ताक, फराळ सगळं चालू ठेवायचं, माउलींच्या थोरल्या भावाला त्यात काही वावगं वाटणार नाही याची मला खात्री आहे. रात्रीची झोप पूर्ण झाली पाहिजे, भजनाला बसा पण जागर करू नका, बायपोलरमध्ये जागरणानं उन्माद उलटू शकतो.

आणि बरोबरच्या दोघा-तिघा वारकऱ्यांना हे सांगून ठेवा की हात जोरात थरथरायला लागले, दारू प्यायल्यासारखी चाल झाली, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि तडक हॉस्पिटलला न्यायचं आणि तिथे पहिलं वाक्य "हे लिथियमवर आहेत" हे सांगायचं. एरवी मी स्वतःहून गोळी थांबवू नका म्हणून कंठशोष करते, पण हा अपवाद आहे, लक्षात ठेवा.

प्रश्न: मी सातपूर एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. नैराश्यासाठी मिर्टाझापिन 15 दिलीय, चिठ्ठीवर "रात्री झोपताना" लिहिलंय. आठवड्याआड नाईट शिफ्ट असते, रात्री नऊला गोळी घेऊन जातो आणि मशीनवर डोळे मिटतात. सुपरवायझरला सांगावं का?

भाऊ, पहिली गोष्ट, आजपासून शिफ्टच्या आधी ही गोळी घेऊ नका, प्रेसवर हात असतो तुमचा. "रात्री झोपताना" म्हणजे तुमची मोठी झोप जेव्हा असेल तेव्हा. नाईटला असाल त्या आठवड्यात सकाळी घरी येऊन, खाऊन, झोपायच्या आधी. शिफ्ट बदलते त्या दिवशी दोन गोळ्यांमधलं अंतर कमी-जास्त होणारच, पण राहिली म्हणून डबल घेऊ नका. हे सगळं डॉक्टरांना सांगा, त्यांना शिफ्टचं माहीतच नसेल तर सुस्ती न आणणारी दुसरी गोळीही देता येते. भूकही वाढली असेल, वजन बघत राहा. दारू बंद, निदान गोळी चालू आहे तोवर.

सुपरवायझरला आजाराचं नाव सांगायची गरज नाही. वैद्यकीय कारणासाठी काही महिने जनरल शिफ्ट द्यावी एवढंच डॉक्टर लिहून देऊ शकतात, तुमच्या आजाराची माहिती गुप्त राहणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला तुमचा हक्क आहे.

प्रश्न: मुलगा 23 वर्षांचा, स्किझोफ्रेनिया आहे असं सांगितलंय. ओलान्झापिनने आवाज ऐकू येणं थांबलं पण वर्षात 14 किलो वजन वाढलं. रात्री उठून डबे उघडून खातो. आता गोळी घेतच नाही म्हणतो, मित्र चिडवतात. मी वरणात मिसळून द्यायला लागलेय, काहीतरी चुकतंय असं वाटतं. (नाशिकरोड)

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. आधी मुलाच्या बाजूनं बोलते, त्याची तक्रार शंभर टक्के खरी आहे. ओलान्झापिन वजन वाढवणाऱ्या औषधांत अगदी वरच्या नंबरवर आहे, ते भूक चाळवतं आणि पोट भरल्याचं कळूच देत नाही, रात्री दोनला डबे उघडणं हा आळस किंवा हावरटपणा नाहीये. त्याला घरात कोणी जाड्या म्हणत असेल तर ते आजपासून बंद.

आणि प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही, या औषधानं शुगर आणि कोलेस्टेरॉल वाढतं. सुरू करायच्या आधी, तीन महिन्यांनी आणि मग दर वर्षी वजन, कंबरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर, लिपिड तपासायला हवं. तुमच्याकडे हे झालं नसेल तर मागून घ्या, मागण्यात काही चूक नाही, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही या तपासण्या होतात.

मार्ग आहेत, आणि एकापेक्षा जास्त आहेत. ॲरिपिप्राझोलसारखी वजन खूपच कमी वाढवणारी औषधं आहेत, त्यावर हळूहळू नेता येतं, एक चढवत दुसरं उतरवत. प्रत्येकाला ते तितकंच लागू पडतं असं नाही, बदलताना काही आठवडे बारीक लक्ष ठेवावं लागतं. ओलान्झापिनच छान लागू पडलं असेल तर जोडीला मेटफॉर्मिन देतात, हो तेच डायबेटिसवालं, त्यानं वजनाला बऱ्यापैकी आळा बसतो. बरं वाटतंय म्हणून सगळंच बंद करणं हा मात्र मार्ग नाही, पहिल्या झटक्यानंतर निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात कारण थांबवल्यावर आजार उलटायचा धोका फार वाढतो, आणि उलटला की मागच्या वेळेइतका लवकर आटोक्यात येईलच असं नसतं.

बिडी-सिगारेट ओढतो का ते लिहिलं नाहीत. ओढत असेल आणि एकदम सोडली तर रक्तात ओलान्झापिन वाढतं, कारण धुरामुळे लिव्हर ते जास्त वेगानं काढून टाकत असतं. सोडायला हवीच, पण डॉक्टरांना सांगून.

आता वरणाचं. तुम्ही घाबरून केलंत, दुसरं काही सुचलं नाही म्हणून केलंत, पण थांबवा. ज्या मुलाला आजारातच असं वाटत होतं की लोक माझ्याविरुद्ध काहीतरी करतायत, त्याला आई जेवणात औषध घालते हे कळलं तर तो जेवण सोडेल आणि तुमच्यावरचा विश्वासही सोडेल. त्याऐवजी त्याला बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर त्यालाच बोलू द्या, "मला हे वजन नकोय" हे त्याच्या तोंडून येऊ द्या. त्याच्या म्हणण्यानं औषध बदललं असं त्याला दिसलं की तो ते घ्यायची शक्यता वाढते. रोजची गोळी नकोच असेल तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. खर्चाची काळजी असेल, तर सिव्हिलला नेहमीची औषधं मिळतात आणि जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात, कंपोझिशन तेच आहे ना एवढं स्ट्रिपवर वाचून घ्या.

प्रश्न: मी 27 वर्षांची, बायपोलरसाठी व्हॅल्प्रोएट घेते. दिवाळीनंतर लग्न आहे. होणाऱ्या नवऱ्याला माहीत नाही. मूल झालं तर गोळीचा काही परिणाम होतो का?

होतो, आणि म्हणूनच हे पत्र सहामध्ये घेतलंच घेतलं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दहात एका बाळाला जन्मतः मोठं व्यंग असू शकतं, मणक्याचं, हृदयाचं, टाळूचं, आणि 100 पैकी 30 ते 40 मुलांमध्ये बोलणं, शिकणं, बौद्धिक वाढ यात अडचणी दिसतात. मणक्याचं व्यंग तर पहिल्या चार आठवड्यांतच ठरून जातं, पाळी चुकलीय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मूल होऊ शकेल अशा वयात हे औषध शक्यतो देऊच नये असं आता सगळीकडे मानतात. तुम्हाला सुरू करताना हे सांगितलं गेलं नसेल तर ते सांगायला हवं होतं.

पण हे वाचून आज रात्रीची गोळी फेकून देऊ नका, एकदम बंद केल्यावर झटका आला तर लग्नाच्या तोंडावर दुसरंच संकट. दिवाळीला अजून वेळ आहे. तुमच्या आजाराचा आजवरचा इतिहास बघून लॅमोट्रिजिन, क्वेटियापिन किंवा लिथियम यातलं काय बसेल ते ठरवता येतं. प्रत्येकाचे आपापले प्रश्न आहेत, लॅमोट्रिजिन फार हळू वाढवावी लागते नाहीतर अंगावर धोकादायक पुरळ उठू शकतं, आणि व्हॅल्प्रोएट चालू असताना ती आणखी हळू वाढवावी लागते, म्हणून महिने हाताशी हवेत. बदल पूर्ण होऊन तब्येत स्थिर होईपर्यंत गर्भनिरोधक काटेकोर वापरायचं, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांना विचारून आधीपासूनच.

नवऱ्याला सांगायचं की नाही हे ठरवणं तुमच्या हातात आहे, पण माझं मत विचाराल तर सांगा, आणि लग्नाआधी सांगा. गर्भनिरोधक, गोळ्यांचा बदल, नंतर बाळंतपणात जागरणं होऊ नयेत म्हणून रात्री बाळाला कोणीतरी सांभाळणं, यातलं काहीही त्याच्यापासून लपवून जमणार नाहीये. एकटीनं सांगायला जड जात असेल तर त्याला एकदा डॉक्टरांकडेच घेऊन जा, आम्ही समजावून सांगतो, बरेच मुलगे ऐकून घेतात. अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यातली घ्या, आणि तोपर्यंत गोळी चालू.